रिव्हर्सविषयक धोरण

ज्या घरातली गाडी मागे जाऊ शकते, त्या घराला पुढचा विचार करायची सवय लागत नाही. हे सत्य मोठमोठ्या शहरांतल्या लोकांना अजून उमगलेलं नाही. सोलापुरात, जुळे सोलापूरच्या एका कॉलनीत, गंगाधररावांच्या दारात मात्र ते रोज सकाळी उभं असतं. रंगाने पांढरं आहे, जातीने ऑटोमॅटिक आहे आणि तोंड रस्त्याकडे करून उभं आहे. कधी चुकून तोंड घराकडे करून उभं राहिलं असतं, तर घराण्याची पुढची पिढी त्याला वळसा घालूनच वाढली असती.

गंगाधरराव एका सरकारी कचेरीत अधीक्षक आहेत. कोणत्या, ते सांगत नाही; कामाची पद्धत पुढे येणारच आहे, आणि ती वाचून प्रत्येक कचेरीला आपलंच नाव घेतलंय असं वाटेल.

गाडी देवयानीसाठी घेतलेली आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बघून कळत नाही. देवयानी म्हणजे गंगाधररावांची बायको. लेक ऋतुजा शिकायला पुण्याला गेली आणि घर मोकळं झालं, तसं देवयानीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, पहिल्या फटक्यात लायसन काढलं आणि वैरागला आईला फोन करून सांगितलं. आईने, म्हणजे बजाबाईंनी, त्याच दुपारी गल्लीत जाहीर केलं की आमची देवू आता स्वतः गाडी हाकत माहेराला येणार. गल्लीने विचारलं, कधी? बजाबाई म्हणाल्या, ह्या महिन्यात.

गंगाधररावांनीही बायकोच्या प्रगतीला पूर्ण पाठिंबा दिला. बायकांना गिअर जमत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं (त्यांना स्वतःला चढावर ते जमत नसत, त्यामुळे अभ्यास जवळून होता), म्हणून त्यांनी एका निवृत्त डॉक्टरांकडून बिनक्लचची, आपले गिअर आपणच बदलणारी जुनी गाडी घेतली. गाडी दारात आली. देवयानीने हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. नारळ गंगाधररावांनी फोडला आणि किल्ली त्यांच्याच हातात राहिली. जुनी गाडी आहे, आधी माझा हात बसू दे, मग तू घे, असं ते म्हणाले. हात अजून बसतो आहे. दरम्यान ऋतुजा शिकून नोकरीला लागली, कॉलनीत डांबर आलं आणि गेलं, पण हात काही घाईने बसत नाही. चांगल्या गोष्टींना वेळ लागतो.

ज्यांनी असली गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी खुलासा: हिला एक दांडा असतो. तो डीवर आणला की गाडी पुढे जाते, आरवर आणला की मागे. मधलं सगळं ती स्वतःच्या अकलेने ठरवते. पहिली काही वर्षं तिने विश्वासाने काम केलं. मग दांडा डीवर नेल्यावरही ती जागीच राहू लागली. जरा वेळ काहीच व्हायचं नाही. मग कुणीतरी पाठीत बुक्की घातल्यासारखी ती दचकून निघायची. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. गंगाधरराव घाबरले नाहीत. प्रस्ताव वर गेला की मंजुरीला वेळ लागतो आणि मंजुरी आली की एकदम धावपळ होते, हे त्यांनी अख्खी नोकरी पाहिलं होतं. सात रस्त्याच्या सिग्नलला दांडा डीवर ठेवून ते शांत बसत. मागून रिक्षावाले काय काय म्हणत. गंगाधरराव काच वर करून घेत आणि वाट बघत. इतक्या आदराने वागवलेली गाडी त्या सिग्नलला दुसरी नव्हती.

त्यानंतर रिव्हर्स बंद पडली. एकदम नाही, सरकारी योजना बंद पडतात तशी. आधी फक्त उन्हाळ्यात बंद, मग फक्त दुपारी, मग चालू आहे असं ऐकिवात. आता दांडा आरवर नेला की इंजिन जोरात घुमतं, काटा वर चढतो, बसलेल्या सगळ्यांना काम जोरात चाललंय असं वाटतं आणि गाडी सूतभरही हलत नाही. गंगाधररावांना यात वावगं काही दिसलं नाही. उलट कचेरीतून घरी आल्यावरही त्यांना परकं वाटेनासं झालं.

गाडी बिघडली असं त्या घरात कोणी म्हणत नाही. 'तिला मागे जायला आवडत नाही' असं म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू येत नसलं की आपण 'ते लक्ष देत नाहीत' म्हणतो, त्यातलाच प्रकार. मात्र आवडीनिवडी सांभाळायच्या तर धोरण लागतं, आणि गंगाधररावांनी ते आखलं. (तोंडी. कागदावर आणलं असतं तर बिघाड मान्य केल्यासारखं झालं असतं.)

धोरण थोडक्यात असं. गाडी जिथे लावायची तिथून पुढच्या बाजूने सुटका हवी. नवी पेठ कायमची वर्ज्य. तिथे माणसालाच मागे सरकायला जागा नसते. भिंत, गटार, गाय किंवा लग्नाचा मांडव यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. चुकून राहिलोच, तर खाली उतरून 'काय सुंदर जागा आहे' असं म्हणत इकडेतिकडे बघायचं, चार माणसं जमतात, मग ती ढकलतात. सोलापूरची माणसं ढकलायच्या कामाला नाही म्हणत नाहीत. उलट नको म्हटलं तर रागावतात.

नातेवाइकांचीही त्यानुसार फेरवर्गवारी झाली. ज्यांच्या दारात गाडी गोल फिरवता येते ते अ वर्ग. मोडनिंबच्या चुलत्यांशी पूर्वी बांधावरून बोलणं बंद होतं, पण त्यांचं अंगण खळ्याएवढं, त्यामुळे संबंध एकदम सुधारले. दर सणाला जाणं-येणं सुरू झालं आणि चुलत्यांना याचं कारण अजून कळलेलं नाही. ज्यांच्या घराला पुढून एक आणि मागून एक असे दोन रस्ते ते ब वर्ग. आणि ज्यांची गल्ली शेवटी बंद आहे ते क वर्ग. क वर्गाशी फोनवर प्रेमाने बोलायचं.

वैराग क वर्गात गेलं. बजाबाईंची गल्ली पुढे जाऊन जोतीरामच्या गोठ्याला धडकते. जोतीराम म्हणजे त्यांचा शेजारी, ट्रॅक्टरवाला. गोठा त्याच्या आजोबांनी बांधला तेव्हा गंगाधररावांच्या गाडीचा विचार केला नव्हता.

देवयानी एसटीने जाऊन येई. दरवेळी बजाबाई ओट्यावरून विचारत, गाडी कुटं लावलीस? देवयानी म्हणे, पुढच्या वेळी. असं चाललं असतं. पण बजाबाईंना काचबिंदू निघाला. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की जेवढी नजर गेली ती आता येत नाही. जी उरलीय ती थेंब घालून जितकी टिकेल तितकी. देवयानीने हे घरी सांगितलं. गंगाधररावांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगोलग गाडीकडे लक्ष घालायचं ठरवलं, म्हणजे दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून तिच्याकडे बघायचं.

या बघण्याला लवकरच समितीचं स्वरूप आलं. शेजारचे गुरुशांतअण्णा पहिले सभासद. अण्णांकडे एकेकाळी जीप होती, आणि ती विकल्यापासून त्यांचं गाड्यांबद्दलचं ज्ञान सारखं वाढत होतं. बाकी कॉलनीतले पुरुष येतील तसे. गाडी बघून कोणी नुसतं पुढे गेलं असं झालं नाही. उघड्या बॉनेटसमोर सोलापूरच्या पुरुषाचे पाय आपोआप थांबतात आणि हात कमरेवर जातात. चहा देवयानी आणून देई. एकदा तिचंही मत विचारण्यात आलं. (साखर कमी का?)

समितीसमोरचा मुख्य प्रश्न होता गिअरबॉक्सच्या ऑइलचा. त्या निवृत्त डॉक्टरांनी गाडी दिली तेव्हा ते आयुष्यभर बदलावं लागत नाही असं सांगितलं होतं. कोणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहिलं. अण्णांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून वास घेतला आणि जळका म्हणाले. गंगाधररावांनी घेतला, त्यांना तो भाजलेल्या शेंगांसारखा खमंग वाटला. यावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ऑइल बदला. दुसऱ्याचं म्हणणं, इतकी वर्षं एकमेकांत मुरलेल्या वस्तू वेगळ्या करू नयेत. जुनं ऑइल काढलं की दाते उघडे पडतात आणि गिअरबॉक्स जागच्या जागी प्राण सोडतो. अण्णांच्या साडूच्या मित्राच्या गाडीचं तसं झालं होतं. प्रत्येक शहरात असा एक साडूचा मित्र असतो आणि देशातले बरेचसे तांत्रिक निर्णय त्याच्यावर अवलंबून असतात.

शेवटी होटगी रोडच्या शिवप्पा मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, दांडा पुढेमागे केला, चहा घेतला आणि आपलं मत दिलं.

“ऑइल बदललं तर बॉक्स जातो म्हणत्यात साहेब. न्हाय बदललं तर जाणारच हाय. तुमाला कसा घालवायचाय तेवडं सांगा.”

स्वतः तो कसा घालवील, असं विचारल्यावर तो म्हणाला की आपण ऑटोमॅटिकला हात लावत नाही, पुण्याला न्या. पुण्याला न्यायची तर वाटेत कुठे मागे घ्यावी लागली तर काय, असा मुद्दा निघाला आणि विषय पुढच्या रविवारवर गेला. असे रविवार पुष्कळ झाले. समितीची उपस्थिती शंभर टक्के, चर्चेचा दर्जा उच्च, आणि रिव्हर्स होती तिथेच. म्हणजे नव्हती तिथे.

एके दिवशी दुपारी वैरागहून फोन आला. बजाबाई फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे गंगाधररावांनाही आतल्या खोलीत ऐकू आलं.

“डाव्यानं आता नुसता उजेड दिसतुया. उजव्याचं काय खरं न्हाय. गाडी आणायची ती आण की गं लवकर, का मग नुसता हारन ऐकायचा व्हय मी?”

देवयानीने फोन ठेवला. पोळ्या करायच्या राहिल्या होत्या त्या केल्या. गंगाधररावांचं पान वाढलं आणि मग म्हणाली की येत्या रविवारी ती गाडी घेऊन वैरागला जाणार आहे.

“अगं, पण गल्ली बंद आहे की तिथली,” गंगाधरराव म्हणाले.

“मला आत जायचंय. बाहेर यायचं नंतर बघू.”

इतकी वर्षं कचेरीत काढून गंगाधररावांनी पुष्कळ प्रकारची पत्रं पाहिली होती, पण ज्याच्यावर शेरा मारायला जागाच ठेवलेली नाही असं हे पहिलंच. त्यांनी समितीची तातडीची बैठक घेतली. समितीने ठरवलं की हा प्रवास अभ्यासदौरा समजावा. गुरुशांतअण्णा तज्ज्ञ म्हणून मागच्या सीटवर बसतील. गंगाधरराव चालकाशेजारी बसून देखरेख करतील. चालक कोण, हा मुद्दा बैठकीत आलाच नाही, कारण तोवर किल्ली देवयानीने ओट्यावरून उचलून पदराला बांधली होती.

रविवारी निघाले. दांडा डीवर गेला, गाडीने विचार केला, बुक्की बसली, निघाली. बार्शी रोडला लागल्यावर देखरेखीला सुरुवात झाली. अडचण अशी की गिअर नसल्यामुळे कुठला टाकावा हे सांगता येईना, क्लच नसल्यामुळे तो दाब म्हणता येईना. गंगाधररावांनी मग हॉर्नवर लक्ष केंद्रित केलं. ट्रक दिसला की 'वाजव', नाही दिसला की 'वाजवून ठेव'. अण्णा मागून तापमान विचारत होते. वडाळा मागे पडलं तशी गाडी पाण्यासारखी चालली होती आणि देवयानी गुणगुणत होती. गुणगुणताना लक्ष विचलित होतं, याकडे गंगाधररावांनी तिचं लक्ष वेधलं. ती थांबली नाही.

वैरागात गल्लीच्या तोंडाशी गंगाधरराव म्हणाले, इथेच लाव, चालत जाऊ, चार पावलं तर आहे. अण्णाही तेच म्हणाले. धोरणानुसार हे बरोबर होतं. देवयानीने हॉर्न वाजवला (या वेळी कोणी न सांगता) आणि गाडी आत घातली.

बजाबाई ओट्यावर उभ्या होत्या. सकाळपासूनच असाव्यात, नवं लुगडं होतं आणि डोळ्यावर हाताचा आडोसा. गाडी ओट्याशी थांबली. पुढे जोतीरामचा गोठा, मागे अख्खी गल्ली. म्हशीने मान वर करून बघितलं. बजाबाई एक एक पायरी चाचपत खाली उतरल्या, गरम बॉनेटवरून त्यांनी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, खिडकीशी येऊन लेकीला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या त्याची नोंद झाली नाही, कारण तोवर रिव्हर्सवर चर्चा सुरू झाली होती.

चर्चा उच्च दर्जाची झाली. वैराग हे बाजाराचं गाव. तिथे वस्तू बघितल्याशिवाय आणि तिच्यातली खोट काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. गंगाधररावांनी उपस्थितांना गाडीला मागे जायला आवडत नाही असं सांगितलं. जोतीरामने दांडा आरवर टाकून पाहिला आणि आवाज लई भारी हाय म्हणाला. कुणी सुचवलं बॅटरी, कुणी सुचवलं नजर लागली, एकाने ऑइलबद्दल विचारलं आणि अण्णांनी त्याला साडूच्या मित्राची पूर्ण हकीकत सांगितली. गोठ्याची भिंत पाडून गाडी पुढे काढावी, असाही एक प्रस्ताव आला. तो जोतीरामच्या भावाचा होता आणि त्या भिंतीवरून त्यांच्यात आधीच वाद होता.

अखेर ढकलायचं ठरलं. ढकलल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरणं हे जबाबदारीचं काम, म्हणून ते गंगाधररावांनी घेतलं. देवयानीला उतरवलं. गल्ली एक झाली. “लाव जोर” म्हणत पोरंबाळं, म्हातारे, दोन पाहुणे आणि अण्णा (सूचना देत) यांनी गाडी पार तोंडापर्यंत मागे नेली. एक तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. गंगाधरराव घाम पुसत खाली उतरले आणि जमलेल्यांचे आभार मानू लागले. आभार मानताना ते नेहमी सहकार्य, समन्वय आणि सातत्य या क्रमाने जातात. ते समन्वयापर्यंत आले होते.

तेवढ्यात देवयानी गाडीत जाऊन बसली. दांडा डीवर टाकला. गाडीने विचार केला. सगळे बघत राहिले. कुणाला वाटलं थांबेल. आणि बुक्की बसून गाडी पुन्हा गल्लीत शिरली.

या वेळी तिने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती आणि वाहतुकीच्या नियमांविरुद्ध अख्खी मान बाहेर काढून ती गाडी चालवत होती. बजाबाई या वेळी ओट्यावर नव्हत्या. गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या, भिंतीला एक हात लावून. गाडी अगदी त्यांच्याजवळ येऊन थांबली. एवढी माणसं घामाघूम झालेली, सगळं केलेलं पाण्यात, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. डोळे पुसत होती की हसत होती, यावरही नंतर दोन मतं झाली.

समितीने जागच्या जागी ठराव केला. सूचक गुरुशांतअण्णा, अनुमोदक जोतीराम. बायकांचं हे असं असतं. गाडी कशीही असो, ऑटोमॅटिक असो की अजून काही, मुळात समज लागते. बंद गल्लीतून एवढ्या कष्टाने बाहेर काढलेली गाडी शहाणं माणूस पुन्हा त्याच गल्लीत कशाला घालेल? ठरावाला विरोध झाला नाही. गल्लीतल्या बायका उपस्थित होत्या, पण त्या बजाबाईंकडे बघत होत्या.

दुसऱ्यांदा ढकलताना स्टिअरिंग देवयानीने सोडलं नाही. गंगाधररावांना मागे जाऊन ढकलावं लागलं. जोर मात्र त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त लावला असं जोतीराम सांगतो.

ही हकीकत आता जुळे सोलापुरात आणि वैरागात सगळ्यांना पाठ आहे. ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांनी प्रश्नही विचारले, आणि सगळे मुद्द्याचे होते. शेवटी ऑइल बदललं का? (नाही. अभ्यास चालू आहे.) गाडी पुण्याला नेली का? (पुढच्या रविवारी ठरणार आहे.) रिव्हर्स आली का? नुसती गार असताना सुद्धा येत नाही का? एका इंजिनिअर गृहस्थांनी तर आकृती काढून दिली. तुमचंही वाचता वाचता एक मत झालं असेल. ऑइल बदलावं की बदलू नये, यातल्या एका तटात तुम्ही केव्हाच जाऊन बसला असाल, आणि बाई पुन्हा आत का शिरली म्हणून मनातल्या मनात थोडं हसलाही असाल.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा बजाबाई खिडकीशी येऊन काय म्हणाल्या, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीही ते वाक्य वाचलंत आणि आमच्यासोबत रिव्हर्सच्या चर्चेला गेलात.

त्या म्हणाल्या होत्या, “काचंवर ऊन आलतं गं देवू. गाडी दिसली, तू न्हाय दिसलीस. परत एकदा येतीस का?”